न बघता टाइप केलेली सोयरीक

अठ्ठावीस एप्रिल, रविवार. काम: सोमवारच्या बॅचसाठी सरावाचा एक उतारा टाइप करणे.

काम एवढंच होतं. चहा निवायच्या आत उरकावं असं. मी राजुऱ्याला टायपिंग शिकवते. इतकी वर्षं शिकवते आहे, की आता जुन्या विद्यार्थिनींच्या मुली माझ्याकडे येतात आणि आईच्याच चुका करतात. माझा नियम एकच: स्क्रीनकडे बघायचं नाही. नजर कागदावर, बोटं कळांवर. जी स्क्रीनकडे बघेल तिच्यावर मी पट्टी उगारते (पूर्वी मारत असे, आता पालक भांडायला येतात). ह्याच नियमानं त्या रविवारी आमच्या घराची अब्रू चव्हाट्यावर आणली.

त्याच दिवशी आमच्या निखिलसाठी पाहुणे येणार होते.

आमच्या काळी मुलाकडचे लोक मुलीच्या घरी जायचे, पोहे खायचे आणि ‘कळवतो’ म्हणून मिशीवर हात फिरवत निघायचे. आता वारं फिरलं आहे. आता मुलीकडचे लोक मुलाचं घर पाहायला येतात, मोरीत डोकावतात, आणि ‘कळवतो’ ते म्हणतात. आम्हाला दोन ठिकाणांहून ‘कळवतो’ आलं होतं. ते अजून कळवतच आहेत. मुलगा पुण्यात नाही, हा आमच्या मुलाचा गुन्हा! निखिल कोरपन्याकडे सिमेंटच्या कारखान्यात कामाला आहे. हे स्थळ तिसरं. चामोर्शीची मुलगी, नाव समीक्षा. आणि ह्या खेपेला निखिलला मुलगी मनापासून आवडली होती. तसं तो काही बोलला नव्हता. पण फोटो पाहिल्यापासून त्यानं न सांगता केस कापून घेतले होते. त्याच्या बाबतीत हे कबुलीजबाबासारखंच आहे.

म्हणून ह्यांनी, म्हणजे निखिलच्या बाबांनी, घर सजवायला घेतलं.

हे लाकडाच्या डेपोतून निवृत्त झाले. उभी नोकरी सागाच्या ओंडक्यांवर हातोड्यानं नंबर ठोकण्यात गेली. त्यामुळे कुठलीही वस्तू एकदा ठोकून पाहिल्याशिवाय ह्यांना समाधान वाटत नाही. शेजारच्या कुंदाबाईंचा सोफा उचलून आमच्या समोरच्या खोलीत आणला. बंद पडलेल्या एसीला फडकं मारलं. डोक्याला कलप लावला. इथपर्यंत ठीक होतं. मग ह्यांची नजर माझ्या कॉम्प्युटरकडे गेली.

“अवो, हा पिवळा पडलेला डबा पाहुण्याईनं पाहिला तं काय म्हनतीन?”

“पाहुणे मुलगा बघायला येत आहेत.”

“घरची परिस्थिती पाहतेत ना! नवीन मॉनिटर आनतो. रॅमही वाढवून घेतो. आन् तो अपडेट, किती दिवसाचा मांगून राह्यला बिचारा, तोही करून टाकतो.”

तो ‘बिचारा’ अपडेट मी कित्येक महिने ‘नंतर’ म्हणून टाळत आले होते. चालत्या यंत्राला हात लावू नये, हे मला कळतं. पण ह्यांची आणखी एक योजना होती. आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरपासून समोरच्या खोलीतल्या मोठ्या टीव्हीपर्यंत ह्यांनी झरोक्यातून एक लांबलचक केबल ओढली. पाहुणे चहा घेत असताना टीव्हीवर निखिलचे फोटो एकामागून एक सरकणार होते: निखिल कारखान्याच्या गेटजवळ, निखिल हेल्मेट घालून, निखिल हेल्मेट काढून.

रविवारी सकाळी मी आंघोळीला गेले तेवढ्यात ह्यांनी अपडेटचं बटण दाबलं.

बाहेर आले तर ह्यांचा चेहरा उतरलेला. कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला होता. खालचा डबा घरघरत होता, कीबोर्डचे दिवे लागले होते, आणि नवा कोरा मॉनिटर तव्यासारखा काळा!

“काय केलं?”

“मी काईच नाई केलं. त्यानंच केलं.”

दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, “बंद करून चालू करा.” केलं. तो म्हणाला, “पुन्हा करा.” पुन्हा केलं. मग त्याचा फोन लागेना. ह्यांनी डबा उघडला, रॅम काढली, निखिलच्या शाळेतल्या कंपासपेटीतलं खोडरबर शोधून तिच्यावर घासलं, फुंकलं, परत बसवलं. काळा. मग मॉनिटरला डाव्या बाजूनं ठोकलं. मग उजव्या बाजूनं. एखादा ओंडका असता तर त्यानं एव्हाना नंबर सांगितला असता.

तेवढ्यात कोथिंबिरीच्या वड्यांचा डबा घेऊन कुंदाबाई आल्या. त्यांनी एक नजर टाकली आणि निदान केलं.

“नजर लागली बाई ह्याले. नवीन वस्तू अशी उघडी ठेवतेत का?”

आणि मी नको नको म्हणेपर्यंत मीठ-मिरच्या ओवाळून गॅसवर टाकल्या. घरभर खकाणा. आम्ही तिघं खोकलो. मॉनिटरवर काही परिणाम नाही.

“अवो, जाऊ द्या तो कॉम्प्युटर,” हे डोळे पुसत म्हणाले. “फोटो मोबाईलवर दाखवू. तू तयार होय. बारा वाजता येतेत ते.”

अजून भरपूर अवकाश होता. मी आतल्या खोलीचं दार लावून घेतलं आणि कूलर फुल्ल केला. आमचा कूलर लोखंडी आहे. वारा त्यातून येतो तेवढा येतो, पण आवाज कोळशाच्या ट्रकचा येतो. तो सुरू असला की शेजारी बसून कोणी रडलं तरी कळत नाही. केस ओले होते, अंगावर गाऊन होता, आणि समोर तो काळा ठोकळा. माझं डोकं तापलं. उतारा राहिला होता ना!

आणि मग मला सुचलं, जे फक्त टायपिंगच्या मास्तरणीला सुचू शकतं. स्क्रीन बंद आहे, तर काय झालं? मला स्क्रीन लागते कुठे? कॉम्प्युटर जिवंत आहे, दिवे लागले आहेत, कळा कुठे आहेत ते मला झोपेतही माहीत आहे. मी अंदाजानं लिहायचं पान उघडलं. रोजच उघडते, बोटांना पाठ आहे. अक्षरं मोठी केली, कारण मुलींसाठी मोठीच ठेवते. आणि सुरू केलं: ‘महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की...’

काय सुख वाटलं म्हणून सांगू! बोटं धावत होती, कूलर गर्जत होता. उतारा पुरा झाला. पण डोकं अजून तापलेलंच होतं. काही बायका राग आला की भांडी घासतात. मी टाइप करते. आणि आज तर समोर काळा पडदा! कोणाला दिसणार? मलाच दिसत नव्हतं. मी मनातलं सगळं टाइप करायला घेतलं.

आता समोरच्या खोलीत काय चाललं होतं, ते सांगते. हे मला नंतर निखिलकडून कळलं, आणि तो ते सांगताना अजूनही भिंतीकडे तोंड करतो.

पाहुणे लवकर आले होते. ऊन चढायच्या आत पोहोचावं म्हणून चामोर्शीहून पहाटेच निघाले होते. मुलीचे वडील वासुदेवराव, मुलीची आत्या, आणि स्वतः समीक्षा. ह्यांनी माझं दार ठोठावलं. मला वाटलं, पुन्हा ठोकाठोक. मी आतून ओरडले, “काही ठोकू नका!” आणि टाइप करत राहिले. ह्यांनी पाहुण्यांना सांगितलं, “येऊन राह्यली. तयार होऊन राह्यली.” त्यांना सोफ्यावर बसवलं. वड्या दिल्या. खोलीत जरा उजेड-आवाज असावा म्हणून रिमोटनं टीव्ही लावला आणि लगेच टीव्हीकडे पाठ करून, पाहुण्यांकडे तोंड करून, खुर्ची ओढून बसले. रिमोट मांडीखाली.

अपडेटनं काय केलं होतं, ते आता मला समजतं. त्याला एका बाजूला नवा मॉनिटर दिसला, दुसऱ्या बाजूला भिंतीएवढा टीव्ही. त्यानं विचार केला, दाखवायचं तर मोठ्यावरच दाखवू. मॉनिटर बिघडला नव्हताच. माझी स्क्रीन समोरच्या खोलीत गेली होती.

टीव्हीवर पांढरं पान आलं आणि त्यावर ठळक अक्षरं उमटू लागली: ‘महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून...’

“वा,” आत्या म्हणाल्या. “स्वागताचंही केलं वाटते काई.”

“हो ना,” हे म्हणाले. कशाला म्हणाले, ते त्यांनाही माहीत नाही. “आमच्याकडं सारं व्यवस्थित असते. आता हा सोफाच घ्या. मागच्याच महिन्यात घेतला.”

ह्यांच्या डोक्यावर टीव्हीत अक्षरं उमटली: ‘सोफा कुंदाबाईंचा आहे. डावीकडे कोणी बसू नये, स्प्रिंग टोचते.’

वासुदेवराव डावीकडे बसले होते. ते उजवीकडे सरकले.

“गरम होत असन तं एसी लावतो,” हे म्हणाले, “पन एसीची हवा आमच्या घरात कोनाले मानवत नाई.”

‘एसी दोन उन्हाळ्यांपासून मेलेला आहे. त्याच्यामागे ओल आहे, ती झाकायला ठेवला आहे.’

तिघांनी एसीकडे पाहिलं. मग एसीच्या मागे काय दिसतं ते मान तिरपी करून पाहिलं.  निखिलनं बापाला डोळ्यांनी खूण केली. बापाला वाटलं, पोरगा म्हणतो आहे, अजून सांगा.

“घ्या ना, वडी घ्या. सांबारवडी. आमच्या हिच्या हातची आहे. अशी वडी अख्ख्या राजुऱ्यात नाई!”

‘वड्या कुंदाबाईंनी केल्या. मी केल्या असत्या तर सोयरीक वडीवरच मोडली असती.’

निखिल उठला. “मी जरा आईले...”

“बस ना बाबू,” आत्या म्हणाल्या आणि पिशवीतून वाचायचा चष्मा काढून नाकावर चढवला. “कायची घाई आहे? येतीन त्या. त्याईचं काम चालू दिसते.”

“लाजाळू आहे पोरगा,” हे कौतुकानं म्हणाले. “माझ्यावरच गेला. आमच्या घरान्यात म्हातारपन लवकर येतच नाई. आता माह्याकडं पाहा. एक पांढरा केस नाई!”

‘ह्यांनी काल कलप लावला आहे. डाव्या कानाच्या पाळीला लागला तो निघत नाही. पाहुण्यांनी कानाकडे पाहिलं नाही म्हणजे मिळवली.’

तीन माना एकदम ह्यांच्या डाव्या कानाकडे वळल्या. ह्यांना वाटलं, आपल्या बोलण्याचा प्रभाव पडतो आहे. ते खुर्ची आणखी पुढे ओढून मुख्य विषयावर आले.

“निखिल कारखान्यात मोठा साहेब आहे. हाताखाली ढीगभर माणसं. घरातलं काडीचं काम त्याले करावं लागत नाई. स्वयंपाकघर कुठी आहे हेही त्याले माहीत नाई म्हना ना!”

आणि आतल्या खोलीत, ह्या क्षणी, मी माझ्या आयुष्यातला सगळ्यात वेगवान परिच्छेद टाइप करत होते:

‘निखिल साहेब नाही. सुपरवायझर आहे, शिफ्टमध्ये जातो, घरी येतो तेव्हा भुवयांवर सिमेंट असतं. कारखान्याच्या क्वार्टरवर स्वतःचा स्वयंपाक स्वतः करतो. त्याची वांग्याची भाजी माझ्यापेक्षा चांगली होते. पण हे पाहुण्यांना सांगायचं नाही म्हणे, वजन कमी होतं! दोन स्थळांना साहेब सांगून झालं, काय मिळालं? ही मुलगी त्याला आवडली आहे. तो सांगणार नाही, त्याचे बाबा भलतंच सांगतील, आणि मला बोलायला वेळ मिळेल तो चहा गाळताना.’

 आत्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. समीक्षा उठली. “मी काकूंना भेटून येते,” म्हणाली आणि आत आली.

दार उघडलं तेव्हा माझ्या डोक्याला टॉवेल होता, अंगावर गाऊन होता, आणि मी काळ्या पडद्यासमोर बसून दात-ओठ खात टाइप करत होते. ती जवळ येऊन उभी राहिली तरी मला कळलं नाही. तिनं आधी कूलर बंद केला. एकदम शांत.

“काकू, तुमचं सारं समोरच्या टीव्हीवर दिसून राह्यलं.”

फोटोतली मुलगी अशी प्रत्यक्ष समोर उभी. मला आधी तीच भास वाटली.

“काय सारं?”

“सोफ्यापासून.”

मी खुर्चीवरून उठले का बसले, मला आठवत नाही. मुलीनं पुढे वाकून दोन कळा एकदम दाबल्या आणि खालच्या बाणाची कळ एकदा दाबली. “आमच्या कॉलेजात प्रोजेक्टरचं रोजच असं होते,” ती म्हणाली. काळा मॉनिटर झळकन उजळला. माझं पान मला पहिल्यांदा दिसलं. मोठ्ठ्या ठळक अक्षरांत. टायपिंग बिनचूक होतं. त्या क्षणी माझ्या डोक्यात हाच विचार आला, ह्यावरून माझी काय अवस्था झाली होती ते समजा!

“समोरचं बंद झालं का आता?” मी विचारलं.

“नाई काकू. दोन्हीकडं दिसते आता.”

साडी गुंडाळली, केस बांधले, वड्यांचं दुसरं ताट घेऊन बाहेर गेले. काय बोलावं? सवयीनं तोंडातून निघालं, “घ्या ना, वड्या घ्या.” आणि मग वाटलं, आता उरलं काय? “कुंदाबाईंच्या आहेत.”

“माहीत आहे,” आत्या म्हणाल्या.

“कायले खोटं बोलते!” हे उखडले. घरात आता हे एकटेच होते ज्यांना काही ठाऊक नव्हतं. “विनय पाहा ना हिचा! हिनंच केल्या. माह्या डोळ्यानं पाह्यलं मी.”

“भाऊ,” वासुदेवराव हळूच म्हणाले, “जरा मागं पाहता का?”

ह्यांनी मागे पाहिलं. ‘महोदय’पासून वाचायला सुरुवात केली. ओठ हलवत वाचतात हे, त्यामुळे कुठपर्यंत आले ते सगळ्यांना कळत होतं. सोफा. एसी. वड्या. मग ह्यांचा डावा हात आपोआप वर गेला आणि कान झाकून तिथेच राहिला. पाहुणे जाईपर्यंत तो हात खाली आला नाही. निरोपाचा नमस्कारही ह्यांनी एका हातानंच केला.

गाडी सुरू करता करता वासुदेवराव म्हणाले, “कळवतो.”

ठेवणीतला शब्द ऐकला आणि निखिल कप उचलून आत गेला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. तो धुतलेलेच कप पुन्हा धूत होता.

“निखिल...”

“राहू दे आई. तिनं विचारलं मले जाता जाता. म्हने, वांग्याची भाजी खरंच करता का?”

“मग?”

“मी म्हनलं, हो. म्हने, मिरची किती टाकता? आन् तेवढ्यात आपल्या बाबानं त्याईच्या गाडीचं दार लावून देल्लं.”

 दुपारी हे केबलीकडे पाहून म्हणाले, “तुले कोनी सांगितलं होतं न पाहता टाइप कराले?” मी म्हटलं, “आणि तुम्हाला कोणी सांगितलं होतं मागे न बघता बोलायला?” प्रकरण तिथे मिटलं, म्हणजे दोघंही अपराधी ठरलो.

संध्याकाळी फोन वाजला. वासुदेवरावच होते. ह्यांनी फोन माझ्या हातात कोंबला आणि स्वतः कान झाकून उभे राहिले.

“बाई, कसं आहे,” ते म्हणाले. “आपल्याकडं सोयरीक जुळवाच्या आधी चौकशी करतेत. मीही येनार होतो पुढच्या आठवड्यात. पानठेल्यावर बसलो असतो, किराना दुकानात विचारलं असतं, शेजारच्या बाईले गोड बोललो असतो. पन तुम्ही जेवढं सांगितलं तेवढं तं दुश्मनही सांगत नाई बाप्पा! आता कायची चौकशी करू? पोरगी हो म्हनते. आत्या तं गाडीतच हो म्हनली. आमच्याकडून सोयरीक पक्की.”

 निखिल माझ्या चेहऱ्याकडे बघत उभा होता. मी मान हलवली. तो तडक स्वयंपाकघरात गेला आणि वांगी चिरायला घेतली. वेळ चहाची होती!

“एकच अट आहे पन,” पलीकडून वासुदेवराव म्हणाले.

“बोला ना भाऊ.”

“लग्नाची पत्रिका आम्ही टाइप करून घेऊ.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यात आधी ती केबल झरोक्यातून उपसून काढली आणि तिची वळकटी करून कुंदाबाईंना दिली. त्यांनी त्याच क्षणी ती अंगणात बांधून तिच्यावर चादर वाळत घातली. सोफा परत करायचा म्हटलं तर म्हणाल्या, “राहू दे बाई, साखरपुड्याले पुन्हा लागन. स्प्रिंगीवर उशी ठेवजा फक्त.” घरी येऊन मॉनिटर लावला. लख्ख दिसत होता. कोपऱ्यात एक नवा अपडेट वाट बघत होता. त्याला ‘नंतर’ म्हटलं आणि बॅचसाठी दुसरा उतारा टाइप करायला बसले. एक ओळ झाली की उठायची, समोरच्या खोलीत जायची, टीव्ही बंद आहे ना पाहायची, परत येऊन दुसरी ओळ. त्या वेगानं मी माझ्याच परीक्षेत नापास झाले असते, आणि पट्टी उगारायलाही मीच होते.